इथलं एक

परक्या देशातल्या नोकरीच्या कचेरीत आपल्या नंबराची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांच्या कानावर शेजारच्या मायलेकींचं बोलणं पडत होतं. लेक आईचा अर्ज भरत होती.

“काम कोणतं लिहू?”

“बाळंतपणाची नर्स. अठरा वर्षं.”

“ते तिकडचं. इथला अनुभव विचारलाय.”

“अगं, काम दिलं तर अनुभव येणार ना?”

“खिडकीतल्या बाई म्हणाल्या, अनुभव असला तरच काम.”

“मग आधी काय? डोकंच चालेना माझं.”

“इथे किती बाळंतपणं केलीस?”

“एकही नाही.”

“आणि आपल्या छोटूचं?”

“वेडाबाई, ते माझं स्वतःचं!”

“पण इथेच झालं ना? मी ‘एक’ लिहिलंय. खोडू?”

“खोड... नको, थांब. राहू दे. त्या नवख्या नर्सला खुणा करून सगळं मीच तर सांगत होते!”