कार्डावरची सतरावी ओळ

कोण म्हणालं ते कार्ड माझं म्हणून? दाढीवाला ना? नका सांगू, कळलं मला. बसा. दार नुसतं लोटा, कडी नको — नाहीतर बाहेर लगेच कुजबुज, हेड ऑफिसचे साहेब ताईंना कोंडून बोलतायत म्हणून. तर तुम्ही त्या अडकलेल्या रिपोर्टांसाठी आलात. तीनशे बारा रिपोर्ट, दोन दिवस. लोक लॅबच्या खिडकीशी ताटकळत उभे, रक्त दिलेलं आहे, तपासलेलं आहे, आणि आमचा प्रोग्राम म्हणतोय या नंबरचा पेशंटच नाही. ठाऊक आहे. तो भाग नव्या बाईनं लिहिला होता हेही सगळ्यांना ठाऊक आहे. मग माझ्याकडे कशाला? सव्वीस वर्षं झाली मला इथे, माझ्या हातून असलं चुकत नाही, विचारा कुणालाही — म्हणजे दाढीवाला सोडून. तो माझ्या शेजारी बसतो, तोच एक पुरे आहे.

कार्ड म्हणजे काय ते तरी माहीत आहे का? वाटलंच. आमच्या कामात प्रोग्राम लिहायची नवी भाषा आली की बरोबर सहाशे पानांचं पुस्तक येतं, ते कपाटावर चढतं आणि तिथेच म्हातारं होतं. वाचतंय कोण? प्रत्येकाला हवं असतं एक पान. डावीकडे जुन्या भाषेत कसं लिहायचो, उजवीकडे नवीत कसं लिहायचं. या नवीत सगळं म्हणजे वस्तू, अगदी पेशंटचा नंबरसुद्धा — वस्तू घडवायची कशी, तिच्याकडून काम करून कसं घ्यायचं, एका वस्तूचे गुण दुसरीला कसे द्यायचे, आईचे मुलीला जातात तसे. चोवीस ओळी, संपलं. माझं हे चौथं कार्ड. पाच रविवार गेले त्यात. नवरा म्हणायचा, परीक्षा आहे का गं तुझी? परीक्षाच की. बावन्नाव्या वर्षी नवी भाषा शिकायची आणि पोरांपुढे अडखळायचं नाही, म्हणजे काय खायचं काम आहे?

आणि तिसऱ्या कार्डाचं काय झालं, ऐका. दाढीवाला म्हणाला, ताई, जरा बघू. मी भाबडी, दिलं. पंधरा दिवसांनी वरच्या मीटिंगमध्ये पडद्यावर तेच कार्ड, मी खोडलेल्या ओळीसकट, आणि खाली त्याचं नाव. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, काय करणार, सगळे बघत होते. त्याला बढती, मला तेच टेबल. तेव्हा म्हटलं, दुधानं तोंड पोळलंय, आता ताकही फुंकून प्यायचं. म्हणून या वेळी दोन कार्डं केली — एक घरी, एक ड्रॉवरमध्ये. दोन्ही अगदी सारखी, फक्त सतरावी ओळ — नाही, काही नाही. सारखीच. पुढे विचारा.

असे बघू नका. तुम्ही काही प्रोग्राम लिहिणारे नाही, सांगितलं तरी काय कळणार? बरं, समजा एका कुलपाच्या दोन चाव्या आहेत. दाते हुबेहूब. कुलूप दोन्हींनी उघडेल का? उघडेल. पण ही चावी म्हणजे ती चावी का? नाही. आमच्या नव्या भाषेत हे दोन प्रश्न वेगळे विचारावे लागतात. गणितातलं बरोबरचं चिन्ह नुसतं दोनदा टाकलं तर ती विचारते, ही तीच वस्तू का? दोन नंबर सारखे लिहिलेत का, हे विचारायला आज्ञा वेगळी. आणि खोच अशी, की आपण बसल्या जागी करून पाहिलं तर चुकीच्या तऱ्हेनंही उत्तर बरोबर येतं. कारण भाषा काटकसरी, आपणच तो नंबर दोनदा लिहिला तर एकच वस्तू दोन्हीकडे वापरते. नंबर बाहेरून, तपासणीच्या मशीनमधून आला की मग तोंडघशी. म्हणजे चोरणारा करून बघणार, खूश होणार, आणि चार लोकांत त्याची फजिती — मुद्दाम? मी मुद्दाम म्हटलं?

म्हटलं असेन. हो, मुद्दाम. ड्रॉवरमधल्या कार्डावर ती ओळ चुकीची लिहिली. पण त्याच्यासाठी. मीटिंगमध्ये कुणीतरी त्याला सतराव्या ओळीचं विचारेल, तो लाल होईल, एवढंच माझ्या मनात. लोकांचे रिपोर्ट अडकावेत असं कसं वाटेल मला? त्या रांगेत उद्या माझी सासूही असेल.

नव्या बाईनं चोरलं नाही ते. मागितलं. दहा वर्षं घरी होती, मुलांचं केलं, आता पुन्हा कामाला लागली, सगळं विसरलेली. एका दुपारी आली, म्हणाली, ताई, त्या पुस्तकात माझं डोकंच चालत नाही, तुमचं कार्ड मिळेल का एक दिवस? आणि मी आधी कुठे पाहिलं सांगू? दाढीवाल्याच्या टेबलाकडे. वाटलं, यानंच पाठवली. इतक्या गोडीनं कोण मागतं? म्हणून ड्रॉवरमधलं दिलं, वर हसून दिलं. तिनं वहीत उतरवून घेतलं, दुसऱ्या दिवशी परत आणलं, कोपरा दुमडू नये म्हणून पिशवीत घालून. तेव्हाच सांगायला हवं होतं. ओठांवर आलं होतं. पण म्हटलं, बघू तरी, तिच्याकडून त्याच्याकडे जातं का. दोन महिने बघत बसले. तिकडे तिनं रिपोर्टांचं काम त्याच ओळीवर उभं केलं.

आता तिची सहा महिन्यांची उमेदवारीची मुदत शुक्रवारी संपते, आणि कायम करायच्याऐवजी तिला घरी पाठवणार, हो ना? आणि तुम्ही इथे आलात म्हणजे तिनं माझं नाव घेतलं. घेणारच. तिच्या जागी मी असते तर पहिल्याच वाक्यात घेतलं असतं — नाही घेतलं म्हणजे? मग कार्डाचं तुम्हाला कळलं कुठून? वहीत? पानावर लिहिलंय तिनं, 'ताईंचं कार्ड'? अच्छा. म्हणजे दाढीवाला काही बोललाच नाही. बरं, मग तिला विचारलंत ना त्या ओळीचं? काय म्हणाली? थांबा, नीट आठवून सांगा, जसंच्या तसं सांगा.

उतरवताना माझ्याच हातून चुकलं असेल, ताईंचं चुकत नाही — असं म्हणाली? तिला काय मिळतंय त्यात? कुणीतरी पढवलंय तिला, साहेब. माणूस असं उगाच करत नाही. नोकरी जातेय तिची आणि ती — दोनदा विचारलंत? दोन्ही वेळा तेच?

सव्वीस वर्षांत माझ्याबद्दल असं कुणी —

उठते मी. वर तुमच्या साहेबांना सांगायचंच आहे, लेखी देईन, पण आधी तिच्याकडे. नाही, तुम्ही नका येऊ. तुम्हाला सांगणं सोपं होतं. जा आता.