सासूबाईंचं रिटर्न पार्सल

आमच्या सासूबाईंना 'रिटर्न' हा शब्द चांगला ठाऊक आहे, बरं का. रिटर्न तिकीट, रिटर्न गिफ्ट, सगळं कळतं. त्यामुळे मला वेगळं काही समजावून सांगावंसं वाटलंच नाही.

झालं काय, मुंबईहून धाकट्या दिरांनी, संजूभावोजींनी, मोबाईलवरून सासूबाईंसाठी चपला मागवल्या. त्या निघाल्या लहान. मी म्हटलं, "आई, खोक्यात भरून ठेवा, उद्या रिटर्नला न्यायला माणूस येईल."

दुसऱ्या दिवशी कुरियरवाल्याने तपासायला खोकं उघडलं, तर चपलांवर कोकमाच्या सोलांची पिशवी आणि दोन फणसपोळ्या!

"आजी, हे काय?"

"आमच्या संजूला. गणपतीनंतर आला नाही हो तो. नुसत्या चपला कशा पाठवू परत?"

"पण हे कंपनीच्या गोदामात जाणार."

"असं कसं? ज्यानं धाडलं त्याच्याकडेच जायला हवं ना?"

सासूबाईंनी पिशवी उचलून घेतली आणि एक फणसपोळी कुरियरवाल्याच्या हातावर ठेवली.

मी दिरांना फोन करून सांगितलं. आधी खूप हसले, मग एकदम थांबले. म्हणाले, "वहिनी, आईकडे द्या." आणि सासूबाईंना म्हणाले, "आई, आत्ताच दुसऱ्या मागवतो, मोठ्या मापाच्या."

"नको. मोबाईलला काय कळतंय माझं पाऊल? तू ये, आपण बाजारात जाऊन घेऊ. तोवर मी फिरते अनवाणी."

शनिवारी सकाळी भावोजी दारात हजर! सासूबाईंच्या चपलांचे दोन धडके जोड आदल्या दिवशीच माळ्यावर गेले होते. मी माळ्याकडे न बघता चहा ठेवला.