तेल लागलेले पट्टे

हे मी एका माणसाशिवाय आजवर कोणाले सांगितलं नाही बे. एकाहत्तरच्या लढाईच्या दिवसांत आमच्या घरी लहान मालमोटार होती, थोरला भाऊ चालवे. ब्रेकचे पट्टे झिजले म्हणून मी अंगणातच नवे बसवले. बसवताना त्यांच्यावर तेल सांडलं. पुन्हा बदलायचा कंटाळा केला, फडक्यानं पुसलं अन् गप्प राह्यलो.

दुसऱ्या दिवशी घाटात तेलानं पट्टे घसरले, ब्रेक लागलेच नाहीत. दादानं गाडी डोंगराले घातली. जीव वाचला, पण पाय कापावा लागला.

दवाखान्यात मी रडत त्याले खरं सांगितलं. तेवढ्यात बाबा आले.

"काऊन झालं असं?"

दादानं माझा हात दाबला. "मले डुलकी लागली, बाबा."

बाबा मरेपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत. अन् मी रोज त्या दोघांच्या मधात बसून जेवत राह्यलो.