समुद्र लपवायचा कुठे?

आणि वर मुलगा मलाच म्हणतो, "बाबा, जरा तो समुद्र बंद करता का?"

आता तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं मी बोटीच्या धक्क्यावर काढली. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण भरती पाहिली, ओहोटी पाहिली, वादळात मनगटाएवढा दोर सुतळीसारखा तुटताना पाहिला... समुद्र बंद करायची कडी मात्र मला कुठे दिसली नाही. म्हटलं, असेल बाबा, हल्ली सगळ्याला बटण असतं, ह्यालाही काढलं असेल. तर त्याचं म्हणणं, खिडकी लावा. मग खिडकी म्हण की! खिडकीला खिडकी म्हणायला काय जातं? लावली. खिडकी लावली तर दाराच्या फटीतून येतो. फटीत फडकं कोंबलं तर कौलातून येतो. माणूस लपवता येतो हो, आजार लपवता येतो, टक्कल लपवता येतं. समुद्र कुठे लपवायचा?

आणि लपवायचा कशाला, ते विचारा ना. आधी हे सांगायला हवं की मुलगा माझा गुन्हेगार नाही. सरळ आहे, अगदी रस्त्यावर कोणी नसलं तरी डावीकडून चालणारा. नोकरी कॉम्प्युटरवरची. काय काम करतो ते त्यानं मला तीनदा समजावलं आणि तिन्ही वेळा मी मान डोलावली. ऑफिस तिकडे वर, थंडीच्या शहरात, इथून दीड दिवसाच्या वाटेवर. गेल्या वर्षी मी न्हाणीघरात घसरलो. फार काही नाही, कमरेला मार बसला, पण घरात दुसरं कोणी नाही, त्याची आई जाऊन तीन वर्षं झाली, तर मी दुपारपर्यंत तिथेच, बादलीशी बोलत. मासळीवालीनं हाका मारल्या, उत्तर मिळेना म्हणून ती आत आली आणि तिनं मला बाहेर काढलं. तिनंच त्याला फोन केला. आला. म्हणाला, "बाबा, आठ दिवस राहतो." ते आठ दिवस अजून चालू आहेत. तो त्याबद्दल काही बोलत नाही, मीही बोलत नाही. बोललं की मोजावे लागतात.

आता घरी बसून काम करायला ऑफिसची ना नाही. पण घर त्याच शहरात पाहिजे. बोलावलं की तासाभरात हजर. मध्यंतरी तर वरून पत्रच आलं, शहराबाहेर राहून काम करताना कोणी सापडला तर त्यानं पुढल्या सोमवारपासून रोज ऑफिसात येऊन बसायचं, नाहीतर दुसरीकडे बघायचं. एक मुलगी सापडलीही. गावी आजीकडे राहून काम करत होती बिचारी, आणि भर मीटिंगमध्ये कोंबडा आरवला. ती म्हणाली, मोबाइलची रिंग आहे. तर तो परत आरवला. आता मोबाइल तिच्या हातात, आणि कोंबडा खिडकीत. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? गेली ती परत शहरात. मुलानं मला हे जेवताना सांगितलं, हसत हसत, आणि मग बराच वेळ भात नुसता कालवत बसला. मीही त्या दिवशी ताक मागितलं नाही. तो गेला तर मी पुन्हा बादलीशी बोलणार, नाहीतर त्याच्या अकराव्या मजल्यावर जाऊन लिफ्टशी. दोघांनाही ठाऊक होतं.

तिचा तर कोंबडा होता, एवढासा. मी समुद्र कुठे लपवू?

तर आमची व्यवस्था अशी. मुलाच्या पाठीमागे, म्हणजे त्या पडद्यावर, पुस्तकांचं कपाट दिसतं. कपाट घरात नाही, चित्रातलं आहे. मी एकदा पाण्याचा तांब्या घेऊन मागून गेलो तर माझं अर्धं डोकं पुस्तकांत शिरलं आणि एक कान तेवढा बाहेर राहिला. तेव्हापासून मला मागून जायला बंदी. वर तिकडे थंडी, म्हणून हा अंगात स्वेटर घालणार. खाली अर्धी चड्डी. कॅमेऱ्याला पाय दिसत नाहीत, हे बरं आहे. इथे घामाच्या धारा, भिंतीला हात लावला तर हात ओला होतो, आणि पंखा लावायचा नाही, कारण खाऱ्या हवेनं पंख्याचे सांधे गंजलेत, तो करकर करतो. इथे सगळंच गंजतं. कुलूप गंजतं, चष्म्याची काडी गंजते, मुलाचं ते कानाला लावायचं यंत्र दोन महिन्यांत हिरवं पडलं आणि मुकं झालं. त्यामुळे मीटिंगमधली माणसं आता खोलीत मोठ्यानं बोलतात, जणू पाहुणे आलेत आणि कोणी चहा विचारत नाही.

आणि वारा? वारा मी घालतो. पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन टेबलाखाली बसतो, मांडी घालून, आणि खालून वर वारा घालतो. हळूहळू, आवाज न करता. अहो, हसू नका, जमायला आठवडा लागला. फार जोरात घातला तर त्याचे केस उडतात, आणि बंद खोलीत केस का उडतात म्हणून कोणी विचारलं तर काय सांगायचं?

तिथून मला पडदाही दिसतो. त्यात सहासात चौकटी, प्रत्येकीत एक मान. मधल्या चौकटीत मुलाचे साहेब. तेही स्वेटरमध्ये, मागे काचेच्या उंच इमारती. बोलायला मऊ माणूस, पण मी पाहत होतो, कपाळ सारखं पुसायचा. मुलाला म्हटलं, "तुझ्या साहेबांना ताप आहे का रे?" तर म्हणाला, "बाबा, त्यांना जबाबदारी आहे." असेल. जबाबदारीनं आम्हाला कधी एवढा घाम आला नाही, आम्ही दोर ओढायचो.

मासळीवालीला मी समजावलं. म्हटलं, बाई, अकराच्या आत ओरडत येऊ नकोस, पोराची मीटिंग असते. ती म्हणाली, "मग मासे काय मुक्यानं विकू?" पण मनानं चांगली. आता दाराशी येते, टोपली उतरवते आणि बोटांनी सांगते, दोन आहेत, मोठे आहेत, ताजे आहेत. मी बोटांनी घासाघीस करतो. कुत्र्याला पलीकडच्या शिंप्यानं सांभाळायचं कबूल केलं. नारळ धपकन पडू नये म्हणून झाडावरचे सगळे उतरवून घेतले. सगळं गप्प केलं मी. उरला अकराचा भोंगा.

अकराच्या बोटीचा भोंगा. लांब एक, आखूड दोन. अहो, तो भोंगा म्हणजे मीच की. चाळीस वर्षांतली शेवटची बावीस वर्षं मीच वाजवत होतो. घर आमचं टेकडीवर, पण कुठलीही भिंत त्याला अडवत नाही. एरवी मुलगा अकराला म्यूटचं बटण दाबून गप्प बसायचा. पण गेल्या मंगळवारी काय झालं, की ऑफिसातल्या सगळ्यात वरच्या मॅडम मीटिंगला बसणार, आणि बोलणार कोण तर माझा मुलगा. पावणेअकरा ते सव्वाअकरा, सलग. "बाबा," म्हणाला, "मध्येच भोंगा वाजला तर सोमवारी मी तिकडे." एवढंच म्हणाला आणि स्वेटर झटकायला लागला.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी काठी टेकत धक्क्यावर उतरलो. माझ्या जागी जो माणूस आहे, त्याला मीच तयार केलेला. म्हटलं, "उद्या अकराचा जरा हळू वाजव." तो म्हणाला, "काका, हळू वाजवायचा तर भोंगा कशाला? शीळ घालतो की." मग म्हणाला, "तुम्हीच शिकवलंत मला, भोंगा मऊ झाला की होडीवाला मऊ ऐकतो, आणि होडी बोटीखाली येते. का तेव्हा खोटं सांगितलंत?" त्यानं चहा पाजला. वर म्हणाला, पाहिजे तर पाच मिनिटं उशिरा सोडतो. मी म्हटलं, नको. माझ्या मुलासाठी दोनशे माणसं खोळंबणार? बावीस वर्षांत मी बोट उशिरा सोडली नाही, आता बाहेरून येऊन सोडू? उठलो.

चढ चढताना दम खायला थांबलो आणि तिथे डोकं चाललं. धक्क्यावर भोंगा वाजला की आमच्या टेकडीवर लगेच पोचत नाही. आवाजालाही चढ लागतो. मी नोकरीवर असताना आमची ही, हातात घड्याळ नसतानाही, बरोबर सांगायची, "बोटीवर चढायची फळी उचलली की मी आकडे मोजते, भोंग्यानंतर सहाव्याला तुमचा आवाज घरात येतो." फळी उचलली की भोंगा. भोंगा झाला की सहा आकडे. माझे डोळे जवळचं दाखवत नाहीत, ताटातलं मीठ दिसत नाही, पण लांब धक्क्यावरचा बगळा कुठल्या पायावर उभा आहे ते सांगीन. मुलाला सांगितलं, मी टेबलाखालून खिडकीच्या फटीतून धक्क्याकडे बघतो, फळी हलली की तुझ्या गुडघ्यावर थाप मारतो, तू म्हण, जरा पाणी पितो, आणि बटण दाब. एवढा शिकलेला मुलगा, पहिल्यांदा मी काही समजावलं आणि त्यानं मान डोलावली.

मंगळवार. मुलगा बोलतोय, पडद्यावर रंगीत आकडे, वरच्या मॅडम चष्मा नाकावर, माझा एक हात पुठ्ठ्यावर, एक डोळा फटीत. अकरा झाले. फळी हलली. मी थाप मारली. मुलगा म्हणाला, "माफ करा, एक घोट पाणी," बटण दाबलं, पेला उचलला...

आणि भोंगा वाजला.

खिडकीतून नव्हे हो! कॉम्प्युटरमधून. लांब एक, आखूड दोन. मी अजून एकवरही नव्हतो. माझा भोंगा मला ओळखू येणार नाही का? पण हा इतक्या लवकर आत आला कसा? मी पडद्याकडे पाहिलं. साहेब. मधल्या चौकटीतले साहेब हात लांब करून काहीतरी लावायला धावले, बहुतेक खिडकी, आणि त्या हिसक्यानं त्यांच्या काचेच्या इमारती फाटल्या. कानामागे एवढीशी पट्टी उघडी पडली, आणि त्या पट्टीत निळं पाणी आणि लाल रंगाची पाण्याची टाकी. धक्क्यामागची. तिच्या सावलीत मी बावीस वर्षं डबा खाल्ला.

वरच्या मॅडम कागदात बघत होत्या. मान वर करून म्हणाल्या, "हा कसला आवाज?"

साहेबांचा चेहरा बोट चुकलेल्या उतारूसारखा. मुलगा पेला हातात धरून तसाच. मी खालून कुजबुजलो, "साहेबांकडचा आहे. धक्क्यावरचा. तीन... चार..." माझी मोजणी चालूच होती, ती काही थांबत नाही. आता तुम्हाला सांगतो, मुलगा गप्प बसला असता तरी चाललं असतं. घर तर त्याचं वाचलंच होतं. दुसऱ्याच्या अंगणात आग, आपण पाणी पीत उभं राहायचं, बस. त्यानं माझ्याकडे पाहिलं, एकदाच. आणि म्यूटचं बटण परत दाबलं.

"मॅडम, सॉरी, माझ्याकडचा आवाज आहे. खाली गल्लीत ट्रक अडकलाय."

आणि सहा. खिडकीतून, दाराच्या फटीतून, कौलातून, लांब एक, आखूड दोन.

"हा बघा," मुलगा म्हणाला, "परत वाजवला त्यानं."

"शहरात काय आवाज असतो हो," वरच्या मॅडम म्हणाल्या. "चालू द्या."

आणि साहेब? साहेबांनी तो दुसरा भोंगा मुलाच्या चौकटीतून ऐकला. कपाळ पुसायचा हात तिथेच थांबला. मी मात्र पुठ्ठा हलवायचा विसरलो आणि मुलगा भिजून चिंब.

दुपारी फोन आला. साहेबांचा. मुलगा उभा राहून बोलायला लागला. तिकडून अगदी हळू आवाज, "तो ट्रक... तुझ्याकडे किती सेकंदांनी येतो?"

"सहा, सर."

"टेकडीवर का?"

"हो, सर."

मग मुलगा हसला, मोठ्यानं, ह्या घरात कितीतरी दिवसांनी, आणि मी भिंतीवरच्या हिच्या फोटोकडे पाहून म्हटलं, तुझे आकडे बरोबर होते गं.

संध्याकाळी साहेब चढ चढून आले. स्वेटर नव्हता, तर ओळखूच येईनात. चहा घेतला. म्हणाले, "काका, मी आठ दिवसांसाठीच आलो होतो. समुद्र बघायला." कधी, विचारलं. तर म्हणाले, "गेल्या वर्षी." आणि त्या धक्क्यामागच्या खोलीत वर्षभर खिडकीला चादर लावून बसलेत. समुद्र बघायला आलेला माणूस समुद्राकडे पाठ करून. मी बिस्किटं पुढे केली.

तर आता असं झालंय की धक्क्याजवळ फार आवाज, म्हणून अकराच्या सुमाराला साहेब आमच्याकडेच येतात. मुलगा बाहेरच्या खोलीत, साहेब आतल्या. एकमेकांशी बोलायचं असलं तरी कॉम्प्युटरमधूनच बोलतात, मध्ये नुसती भिंत, आणि एकमेकांना विचारतात, "तुमच्याकडे थंडी कशी आहे?" मी उंबरठ्यावर बसतो, दोन्ही हातांत दोन पुठ्ठे, एक इकडे, एक तिकडे. फळी हलली की दोघांना दाखवायला काठी उभी करतो. मासळीवाली येते, आत डोकावते, बोटांनी विचारते, दोघांचे का तिघांचे? मी तीन बोटं दाखवतो.

बावीस वर्षं मी गावाला ओरडून सांगितलं, बोट सुटली, बोट सुटली. आता म्हातारपणी काम लागलं ते गप्प बसायचं. असो. निघतो मी, पावणेअकरा होत आले. तक्रार नाही माझी, पण तुम्हीच बघा ना, आधी समुद्र एकटा होता, तोच लपत नव्हता... त्यात आता साहेब.