वॉर्ले कॉलेज तिसरं येणार

नाही हो, पहिलं नाही — तिसरं. वॉर्ले कॉलेज तिसरं येणार, लिहून ठेवा हवं तर. फळ्यावर वॉर्ले सगळ्यांत वर आहे ते मलाही दिसतंय, डोळे शाबूत आहेत माझे अजून — आणि आता ही मैलाची शर्यत व्हायचीय, ती त्यांची डार्सी पेल्टन जिंकली — जिंकणारच, तिच्या आसपाससुद्धा कुणी नाही — की ते आणखी पुढे जातील, मग उरतं काय, नुसती रिले. आठवडाभर सगळ्यांनी हेच लिहिलंय. मी एकटीनं लिहिलं, वॉर्ले तिसरं. अहो, टाइमपास म्हणून नाही लिहीत मी — इंटरनेटवर माझं पान आहे, कॉलेजांच्या या हॉलमधल्या शर्यतींचं, कोण कितवं येणार, कुणाला किती गुण मिळणार, सगळं — बाहेर कमरेएवढा बर्फ असताना दुसरं करायचं काय माणसानं — आणि भलेभले कोच चोरून वाचतात ते. यंदा मात्र मला वेड्यात काढलं लोकांनी. 'मारेन, डोकं ठिकाणावर आहे ना?' म्हटलं हसा, हसून घ्या पोटभर. हा खोकला ना? इथल्या कोरड्या हवेनं सगळ्यांनाच होतो, घ्या, गोळी चघळा.

तुम्ही कुणाच्या बाजूच्या, ते नाही विचारत मी. अंगात साधा काळा कोट, ना टोपी कुठल्या रंगाची ना मफलर — म्हणून तर इथं येऊन बसले. त्या हिरव्यांच्या घोळक्यात बसले असते तर तोंड उघडायची सोय नव्हती. तो दिसतोय का — पांढरे केस, हिरवं जाकीट, पोट आत ओढून उभा आहे तो? तो वॉर्लेचा कोच रस्क. बघा कसा प्रत्येकाच्या खांद्यावर हात टाकत फिरतोय, लग्नघरच्या यजमानासारखा. आज शेवटचा दिवस आहे त्याचा, उद्यापासून निवृत्त. इतकी वर्षं कोचगिरी केली पण हा कप एकदाही हाताला लागला नाही, दरवर्षी हुलकावणी — आणि आज अगदी हातातोंडाशी आलाय. जुने विद्यार्थी बोलावलेत, कॉलेजचे अध्यक्ष आलेत, केकसुद्धा आणून ठेवलाय म्हणे आत. मला? मला कोण बोलावतंय! मी तिकीट काढून आले. मला त्याचं तोंड बघायचंय फक्त — कप हातात घेतल्यावर नाही, कप हातातून काढून घेतल्यावर.

असं काय बघता? त्याच्याच हाताखाली पळायचे मी. खोटं वाटतं ना या देहाकडे बघून? पण पळायचे, आणि हीच शर्यत, मैल. आता ऐका, नियम काही अवघड नाही — कॉलेजात पाच वर्षांत चार हंगाम पळायला मिळतात. पाय मोडला, आजारी पडलीस, तर एक वर्ष बसून राहायचं, ते वर्ष मोजत नाहीत, पुढं कामाला येतं. पण बसायचं म्हणजे बसायचं! कॉलेजच्या नावावर एक शर्यत जरी पळलीस, अर्धी जरी पळलीस, तरी ते अख्खं वर्ष गेलं. माझी नडगी दुखावली होती म्हणून मी बसले होते. आणि कुठल्याशा आडगावच्या स्पर्धेत याला रिलेला एक मुलगी कमी पडली. 'मारेन, दोन चकरा मार नुसत्या, नियमाचं मी बघतो.' मी बघतो! कोच म्हणतो म्हटल्यावर एकोणीस वर्षांची पोर काय करणार — पळाली. मग शेवटच्या वर्षी, अशाच हॉलमध्ये, छातीवर नंबर लावून मी तयार — सगळ्या पेपरांनी मला पहिली धरलेली, सगळ्यांनी! — आणि मला आत बोलावलं. तुझे हंगाम संपलेत, पळता येणार नाही. का संपले, ते तेव्हा कळलं मला. रस्क शेजारीच उभा होता. म्हणाला काय? 'मुलगी सज्ञान आहे, नियम तिला ठाऊक होते.' एवढंच. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्यानं. बुटाची नाडी बांधायला खाली वाकला.

तर ही डार्सी. हीसुद्धा गेल्या वर्षी बसली होती — हो, अगदी तसंच, पोटरी दुखावली होती. बसलेल्या मुलीला एखादी शर्यत स्वतःच्या जिवावर पळता येते, म्हणजे आपल्या गाडीनं जायचं, आपले पैसे भरायचे, आपला साधा बनियन घालायचा, कॉलेजचा संबंध नाही. त्याच वर्षी डिसेंबरात ती तशी एक पळाली. पण साधा बनियन विसरली का भिजला, देव जाणे, आणि या महाशयांनी पिशवीतून काढून दिली आपली हिरवी जर्सी! छातीवर हे एवढं 'वॉर्ले'. झालं — पळाली कॉलेजच्या नावावर, वर्ष गेलं. म्हणजे यंदाचा हा तिचा पाचवा हंगाम, तिला इथं पळायचा हक्कच नाही. कालची तीन हजार मीटरची शर्यतही तिचीच, तेही गुण गेले, आजचेही गेले, करा वजाबाकी. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, कारण त्याला हौस केवढी — तिच्या गळ्यात हात टाकून काढलेला फोटो त्यानं स्वतःच लावला होता, सगळ्या जगाला दिसेल असा! यंदाच्या पानगळीत सापडला मला, तेव्हापासून तो फोटो माझ्या फोनमध्ये आहे. ब्र काढला नाही मी कुठं.

कालच का नाही सांगितलं? काल सांगितलं असतं तर आज तिला बाहेर बसवून तो मोकळा झाला असता, आणि चुकचुकायला चार माणसं जमली असती. छे. त्याला आधी उड्या मारू देत. शर्यतीचा निकाल लागल्यावर अर्ध्या तासात तक्रार करता येते, त्या डाव्या जिन्याखाली समितीचं टेबल आहे. मला काय मिळणार? अहो, माझं भाकीत खरं होणार! आजपर्यंत इतकं अचूक कुणी — थांबा, थांबा, लागल्या रांगेला.

सुटल्या. बघा, ती मागं राहिलीय मुद्दाम, तिसरी-चौथी, आतल्या कडेला — शहाणी आहे. कोपर बघा तिचं, आत ओढलेलं, माझंही तसंच होतं, तो ओरडायचा त्यावरून. वळणावर सोडत नाही बघा कुणाला. आता — आता काढ — काढ की गं! निघाली! बघा, बघा, गेली — कोण पकडतंय तिला, अहो कोण पकडतंय! शाब्बास! — डोळ्यांत पाणी नाही काही, ही हवा खराब. जिंकली. तो बघा नाचतोय. नाच. — ती वर कुणाला हात करतेय? आपल्याकडेच बघतेय की. आपल्याच — तुम्ही का उभ्या राहिलात?

तुम्ही आई तिची.

मग बोलला का नाहीत? मघापासून गोळ्या चघळताय माझ्या, बोलायचं होतं की! ती घाबरते, शर्यतीआधी तुम्ही आलात कळलं की पाय जड होतात तिचे, म्हणून रंग घातला नाहीत — ते असेल, पण मला कसं कळणार ते? काय? तिला माहीत नव्हतं? ठाऊक आहे मला तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. आणि रस्क काय म्हणणार तेही मला तोंडपाठ आहे — मुलगी सज्ञान आहे. त्याला काही होणार नाही, घरी जाऊन तो तो केक खाईल, हेही कळतं मला, मूर्ख नाही मी. पण कप नाही मिळणार त्याला. मेला तरी नाही मिळणार.

हात सोडा. अहो, हात सोडा माझा, लोक बघतायत. माझी आईसुद्धा त्या दिवशी अशीच वर बसली होती, रात्रभर बर्फातून गाडी हाकत आली होती बिचारी, तिनं कुणाचा हात धरायचा होता? तिला सांगायलाही कुणी गेलं नाही. शर्यत सुटली, संपली, आणि ती आपली पळणाऱ्या मुलींत मला शोधत राहिली. — रडू नका. उठा, खाली जा तिच्याजवळ, जवळ घ्या तिला, पटकन जा. अर्धा तास आहे, मी अगदी शेवटाला जाईन टेबलाशी. तेवढा वेळ ती जिंकलेली आहे. एवढंच देऊ शकते मी. सरका आता, वाट द्या मला.