नोंद क्रमांक एक

जनावरांच्या दवाखान्यात मांडीवर मांजर घेऊन बसलेल्या बाईंचे कान शेजारच्या बाकाकडे लागले होते. तिथे एक निवृत्त मास्तर रजिस्टर उघडून बसले होते आणि त्यांच्यासमोर एक मेंढपाळ आजोबा, पायाशी म्हातारी कुत्री घेऊन.

“आजोबा, ही जात संपत चाललीय, म्हणून तर आम्ही क्लब काढला. पण हिची नोंद नाही व्हायची. पंजा पांढरा आहे.”

“मग काय झालं?”

“नियम आहे.”

“कोणी केला?”

“मीच. आमच्या राजाला बघून. नोंद क्रमांक एक. अस्सल!”

“त्याची आई कोण?”

“ते नाही ठाऊक. धरणावरच्या वॉचमननं पिल्लू दिलं होतं.”

“डाव्या कानाला खाच आहे त्याच्या?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“दुधावरून भावंडांत जुंपली, तेव्हाची. वॉचमनला मीच दिला तो. हिचंच पिल्लू, मास्तर.”

बाईंचा मांजराच्या पाठीवरचा हात थांबला.

“म्हणजे... आता राजाची नोंद खोडायची?”

“त्याला कशाला खोडता? तुमचा नियम खोडा. आणि त्याच्या वर हिला लिहा.”

“वर जागा नाहीये, आजोबा.”

“करा की मग. ती आधी आलीय.”