छबीची हाक

या, या, बसून घ्या. बायकांच्या बाजूला सतरंजी अजून मोकळी आहे. म्हणा — पांडुरंग हरी, वासुदेव हरी! हां!

तर मंडळी, आज मी एकच प्रश्न घेऊन उभा राहिलोय. एखादी गोष्ट आपल्याला येत नसेल, तर "येत नाही" म्हणायला काय लागतं हो? जीभ आहे, ओठ आहेत, श्वास आहे. दोन शब्द! त्याला ना पाट लागतो, ना पंचांग. तरी निघत नाहीत! आणि ते न निघालेले दोन शब्द शेवटी कुणाला भोवतात? गप्प बसलेल्याला — की तिसऱ्याच कुणाला?

ऐका.

मिरजेत हेरंब कोपर्डे नावाचा एक गृहस्थ. अकरा वर्षं पुण्यात मोठ्या कंपनीत संगणकाचं काम केलं. मग एक दिवस कंपनीनं हात जोडले — "उद्यापासून येऊ नका!" आला गावाकडं. बायको सुमेधा मोठी धीराची. म्हणाली, "अहो, हातात विद्या आहे. कुणाची चाकरी कशाला? स्वतःचं सुरू करा." झालं! घरावर पाटी लागली — 'हेरंब कोपर्डे, स्वतंत्र तंत्रज्ञान सल्लागार'.

पहिल्याच आठवड्यात एक आजोबा काठी टेकत आले. "सल्ला देता म्हणं तुम्ही?" हेरंब खूश! "बसा की आजोबा, काय अडचण आहे?" आजोबा म्हणाले, "पोरगं चाळिशीला आलं, लग्नाला तयार होईना. काय करू?"

हसा, हसा! पुढं हसायला फार मिळणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो.

खरी गिऱ्हाइकं हळूहळू यायला लागली. एक दवाखानेवाला आला. "आमच्या यंत्राचं नि संगणकाचं जुळत नाही, जमेल का?" हेरंब सरळ माणूस. म्हणाला, "हे मी केलेलं नाही. दोन दिवस अभ्यास करून सांगतो." दवाखानेवाला गेला तो गेलाच! दुसरा आला, तसाच गेला. तिसराही. मग धंद्यातल्या एका जुन्या जाणत्यानं त्याला चहा पाजून कानमंत्र दिला — "अरे, डॉक्टर कधी म्हणतो का, थांबा, पुस्तक बघून येतो? गिऱ्हाइकाला ज्ञान नको असतं रे, धीर हवा असतो! विचारलं की म्हणायचं — येतं की! मग घरी जाऊन शीक."

आणि मंडळी, चाललं हो! हेरंब "येतं की!" म्हणायचा, घरी येऊन पुस्तकं पालथी घालायचा, आणि करून दाखवायचा. फसवणारा नव्हता तो. राबणारा होता! दवाखाने आले, शाळा आल्या, सांगलीचे हळदवाले आले. सहा वर्षांत नाव असं झालं, की कुणाचं काही अडलं की लोक म्हणायचे — "हेरंबला विचारा. त्याला येत नाही असं काही नाहीच."

बघा हं! 'त्याला येत नाही असं काही नाही' — हे देवाचं वर्णन! माणसाच्या गळ्यात ते पडलं, की माळ आहे की फास, लवकर कळत नाही.

एके दिवशी सकाळी दारात रिक्षा थांबली. नांद्रेकर बाई उतरल्या. सत्तरी ओलांडलेल्या, पांढरं पातळ, कानाला यंत्र. रिक्षावाल्यानं मागून पत्र्याची पेटी उतरवली. बाईंनी सारा जन्म मूकबधिर मुलांच्या शाळेत घालवलेला. आणि देवाची करणी बघा — म्हातारपणी स्वतःचेच कान गेले! पण ओठ बघून बोलणं ओळखायच्या. जन्मभर मुलांना तेच तर शिकवलं होतं.

पेटी उघडली. आत कॅसेटी! चौऱ्याण्णव! प्रत्येकीवर शाईनं एकेका मुलाचं नाव.

बाई म्हणाल्या, "हेरंबराव, जे मूल जन्मात आवाज ऐकत नाही, ते बोलायला कसं शिकतं, ठाऊक आहे? मी त्याचा तळवा माझ्या गळ्यावर ठेवते. फुग्याला ओठ लावून बोलते, तो फुगा त्याच्या गालाला लावते. थरथर कळते त्याला. एक वर्ष जातं, दोन जातात, कुणाची तीन. आणि मग एक दिवस त्याच्या तोंडून पहिला शब्द येतो. तो दिवस मी कधी सोडला नाही. टेप लावला आणि धरून ठेवला. हे चौऱ्याण्णव मुलांचे पहिले शब्द आहेत."

मंडळी, त्या मुलांना स्वतःला तो शब्द कधी ऐकू येणार नाही! तो ऐकायचा कुणी? त्यांच्या आयांनी.

"गेल्या पावसात कपाटात पाणी शिरलं," बाई म्हणाल्या. "वरच्या साऱ्या कॅसेटींना बुरशी धरलीय. यातले आवाज संगणकात उतरवून हवेत. असल्या फितींचं काम तुम्हाला येतं का?"

आता हेरंबनं असलं काम जन्मात केलेलं नव्हतं. पण सहा वर्षांची सवय! उचलली जीभ, लावली टाळ्याला —

"येतं की बाई! आठ दिवसांचं काम."

बाई म्हणाल्या, "आधी एक करून बघता का?"

"बाई, तुम्ही काळजीच सोडा!"

सोडली हो त्यांनी! विश्वासानं सोडली!

इकडं एका शीतगृहाचं मोठं काम अंगावर आलेलं, त्यांचे दिवसाला दहा फोन. पुस्तकं पालथी घालायला वेळ कुठला? कुठंतरी चार ओळी वाचल्या — बुरशी औषधानं पुसावी. बाजारातून एक औषध आणलं. कापड भिजवलं, चिमट्यात धरलं, फीत त्याच्यातून सरकेल अशी चरखी बसवली. मोठा हुशार! एका कॅसेटीवर करून बघावं, वाजवून बघावं, मग पुढं जावं — एवढं सुचायला हुशारी लागत नाही, भीती लागते. ती त्याची मेली होती. दोन दिवसांत त्रेसष्ट फिती त्यानं पुसून काढल्या. कापड तपकिरी व्हायचं, तो नवं कापड लावायचा. त्याला वाटलं, मळ निघतोय.

मंडळी, तो मळ नव्हता. फितीवर तपकिरी लेप असतो, आणि आवाज त्या लेपात असतो!

तिसऱ्या दिवशी पहिली कॅसेट यंत्रात घातली. सूंऽऽ. दुसरी घातली. सूंऽऽ. दहा घातल्या, वीस घातल्या. पलंगावर तपकिरी कापडांचा ढीग पडलेला. हेरंब त्या ढिगाकडं बघत खाली बसला, आणि कळलं त्याला. त्रेसष्ट मुलांचा पहिला शब्द त्यानं पुसून टाकला होता. पेटीच्या तळाच्या एकतीस कोरड्या राहिल्या होत्या, तेवढ्या वाचल्या.

सुमेधा म्हणाली, "आत्ता जा. आत्ताच्या आत्ता बाईंना सांगा."

"सांगितलं तर मिरजेत तोंड दाखवता येईल का? कोण काम देईल मला?"

"अहो, काम राहू द्या —"

"तुला कळत नाही!"

हे वाक्य, मंडळी, बायकोला जेव्हा कळलेलं असतं ना, तेव्हाच नवरा म्हणतो.

आठ दिवसांचे तीन आठवडे झाले. बाईंना चिठ्ठी जायची — काम चालू आहे. मग बाईंचा निरोप आला. "गुरुवारी हौसाबाई ऐवळे येतील. निदान त्यांच्या छबीचा आवाज तेवढा तयार ठेवा. मार्गशीर्षातला हा एक दिवस त्या चुकवत नाहीत."

ही हौसाबाई मालगावची. लोकांच्या रानात राबणारी. तिची एकुलती एक लेक छबी, जन्मापासून बहिरी. सातव्या वर्षी छबी पहिला शब्द बोलली — 'आय'. नवव्या वर्षी मेंदूज्वरानं गेली. तेव्हापासून दर वर्षी, पोर गेली त्या दिवशी, हौसाबाई एसटीनं मिरजेला यायची. बाईंच्या टेबलासमोर बसायची. तीनदा ऐकायची. बाईंना पदरातले दोन पेरू द्यायची, आणि परत जायची. सत्तावीस वर्षं!

हेरंबनं कॅसेटींवरची नावं बघितली. छबी ऐवळे — त्रेसष्टांत.

मग त्यानं काय केलं? सांगायला माझीच जीभ अडते. वाचलेल्या एकतीसांत कुठल्याशा दुसऱ्या मुलीचा 'आय' होता. तो त्यानं नेमका कापून घेतला. मागंपुढं काही राहू दिलं नाही. स्वच्छ केला. आणि त्याला नाव दिलं — छबी.

गुरुवार उजाडला. शाळेतली बाईंची ती खोली, टेबलाशी बाई बसलेल्या. हौसाबाई आली, हेरंबला नमस्कार केला. "साह्यब, तुमी आमच्या पोरीचा आवाज जपाया घ्येतला. लई उपकार जालं." आणि पदर सावरून बसली. हेरंबनं बटण दाबलं.

"आय."

हौसाबाई ऐकत राहिली. "आनि एकदा लावा." लावला. "आनि एकदा." लावला. तिनं मान वर केली.

"साह्यब, ही माजी न्हवं."

हेरंब म्हणाला, "मावशी, आवाज साफ केलाय ना, म्हणून वेगळा वाटतो."

"तसं न्हाई. पोरगी आय म्हनली तवा मी हितंच हुते. मला रडू फुटलं. त्यात माजं रडनं हाय! ती म्हनती आय, आन लगीच मी रडतीया. सत्तावीस वर्सं दोगी संगट ऐकत्येय मी." तिनं यंत्राकडं बोट केलं. "माजं रडनं कुटं ग्येलं?"

कुठं गेलं, हेरंब? सांग! त्यानं ती कॅसेट एकदाही ऐकलेली नव्हती. माय आणि लेक एकाच फितीवर होत्या, हे त्याला कसं कळावं?

नांद्रेकर बाईंना आवाज ऐकू आला नव्हता. पण हौसाबाईचे ओठ त्यांनी वाचले होते. त्या हळूच म्हणाल्या, "हेरंबराव, माझ्याकडं तोंड करून बोला. काय झालंय?"

आणि मंडळी, तिथं हेरंब बाईंकडं वळला. म्हणाला, "बाई, मला हे काम येत नव्हतं. मी येतं म्हणालो. त्रेसष्ट मुलांचे आवाज पुसले गेले माझ्या हातून. छबीचा पण. हा दुसऱ्या मुलीचा आहे. मी खोटं वाजवलं."

बाईंनी कानाचं यंत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं. एवढंच.

आणि हौसाबाईनं? शिव्या दिल्या का? नाही. शाप? नाही. दिले असते तर हेरंबला बरं वाटलं असतं हो! तिनं विचारलं, "मग आता म्या कुटं ऐकाया जायाचं?"

हेरंबनं यंत्र बंद केलं.

ती उठली. पेरू पदरातच राहिले. दारापर्यंत गेली आणि थांबली. पाठ फिरवूनच म्हणाली, "साह्यब, पयल्यांदीच सांगितलं असतंत न्हवं, तर त्या बुरशीतच ऐकलं असतं मी. खरखर तर खरखर."

पुढं काय झालं म्हणता? हेरंबला क्षमा मिळाली नाही. उरलेल्या एकतीस फिती त्यानं बंगळूरला एका जाणकाराकडं स्वतः नेल्या, सगळ्या वाचल्या. मग त्यानं त्रेसष्ट नावांची यादी केली, आणि एकेका घरी जाऊन स्वतःच्या तोंडानं सांगितलं. कुठं दार आपटलं. कुठं एका बापानं कॉलर धरली. एका घरी बोलायला शिकलेला, आता बाप झालेला पोरगा भेटला. त्यानं हेरंबचे ओठ वाचले, आत गेला, पाण्याचा तांब्या घेऊन आला. हेरंब म्हणायचा, कॉलर सोसली हो, ते पाणी गिळवेना.

शीतगृहाचं काम गेलं, अर्धी गिऱ्हाइकं गेली. जी राहिली, त्यांना तो म्हणायचा — "हे येतं, हे येत नाही." त्यांतली काही टिकली, काही नाही. पाटी खाली आली. नांद्रेकर बाई दुसऱ्या वर्षी वारल्या, शेवटपर्यंत त्याला 'ये' म्हणून निरोप धाडला नाही. आणि हौसाबाई? मालगावला दोनदा गेला हेरंब. दोन्ही वेळा ती रानातून उठली नाही. मार्गशीर्षात मिरजेला ती पुन्हा कधी आली नाही.

एवढीच गोष्ट.

मंडळी, हेरंब दुष्ट होता का? नव्हता! दुष्टाची गोष्ट सांगितली असती, तर तुम्ही "बरं झालं मेल्याला!" म्हणून सुखानं घरी गेला असता. हा आपल्यातला आहे, म्हणून जड जातंय. तुम्ही तिथं, पुढं बसलेले — सुनेला म्हणालात ना, "कागदाचं मी बघतो, मला सगळं ठाऊक आहे"? बघितलेत? वैनी, शेजारणीच्या तापल्या लेकराला तुम्ही कुठलंसं औषध ठासून सांगितलंत, ते कुणाला विचारून? आणि हा मी! शास्त्रातलं अर्धं कळत नाही, तरी या गादीवर उभा राहून मान डोलावतो! आपण अब्रू राखतो हो, आणि पुसलं जातं ते दुसऱ्याच्या घरातलं. असं पुसलं जातं, की पुन्हा भरून देता येत नाही. पश्चात्तापानंही नाही. देव तुम्हाला क्षमा करील. हौसाबाईला तो आवाज कुठून आणून देईल?

तेव्हा आरतीला उठायच्या आधी एक करा. ज्याला तुम्ही "येतं की!" म्हणून ठेवलंय, असं एक माणूस आठवा. त्याची वस्तू अजून धड असेल. उद्या सकाळी त्याच्या दारात जा, आणि ते दोन शब्द बोलून या.

आठवलं नाव?

मग आत्ता टाळ नको. गजर नको. ज्याचं त्यानं मनातल्या मनात म्हणा — पांडुरंग हरी.